नल डिव्हाइस बिघडले की काय तपासावे : लिनक्स, विंडोज आणि इतर प्रणालींवर वारंवार येणाऱ्या अडचणी

नको असलेले आउटपुट नल डिव्हाइसकडे वळवायचे आणि पुन्हा त्याचा विचार करायचा नाही, हे इतके अंगवळणी पडलेले असते की बिघाड झाला तरी संशयाची सुई त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळते. सामान्य वापरकर्त्याने लॉगिन करताच ‘/डेव्ह/नल : परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो, कालपर्यंत मुकाट्याने चालणारे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे) रोज ईमेल पाठवू लागतात, एखादी सेवा सुरू होता होता बंद पडते, किंवा डिस्कवर भरपूर जागा असताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी तक्रार येते. विंडोजवर याच कुळातली अडचण वेगळ्या रूपात येते : प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एनयूएल नावाची एक फाइल दिसते, ती उघडत नाही आणि काही केल्या पुसलीही जात नाही.

या सगळ्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. नल डिव्हाइस म्हणजे एक वर्तन आहे : त्यात काहीही लिहिले तरी लिहिणे यशस्वी ठरते आणि मजकूर नाहीसा होतो, त्यातून वाचायला गेल्यास लगेच फाइल संपल्याचे कळते, आणि कोणत्याही वापरकर्त्याला ते उघडता येते. हे वर्तन ज्या नावाने मिळते ते नाव मात्र प्रत्येक प्रणालीत वेगळ्या थरावर बांधलेले असते. युनिक्सकुळात /डेव्ह/नल हे नाव फाइल-प्रणालीतल्या एका नोडशी (डिव्हाइसकडे नेणाऱ्या नोंदीशी), विंडोजमध्ये एनयूएल हे पाथचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेशी, पॉवरशेलमध्ये $नल हे एका चलाशी. नाव आणि वर्तन यांची फारकत झाली की वरच्या अडचणी सुरू होतात, म्हणून आपण वापरत असलेल्या नावामागे खरोखर ते डिव्हाइस आहे का, हे आधी पाहावे. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्यात.

लिनक्सवरील तपासणी

‘एलएस -एल /डेव्ह/नल’ ही एक आज्ञा बहुतेक प्रकरणांचा निकाल लावते. निरोगी यंत्रावर ओळीचे पहिले अक्षर सी असते, म्हणजे तो कॅरेक्टर डिव्हाइस असतो. त्यापुढे मालक, गट आणि इतर या तिघांनाही वाचण्याची व लिहिण्याची परवानगी दिसते. मालक रूट, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खाते, असतो. आणि फाइलीचा आकार जिथे दिसायचा तिथे ‘१, ३’ असे दोन आकडे असतात. यांपैकी १ हा मेजर क्रमांक मेमरीशी संबंधित डिव्हाइसांच्या ड्रायव्हरचा आणि ३ हा मायनर क्रमांक नल डिव्हाइसचा आहे. याच ड्रायव्हरकडे ५ क्रमांकाने /डेव्ह/झीरो आणि ७ क्रमांकाने /डेव्ह/फुल येतात. कर्नल हे आकडेच पाहतो, नाव पाहत नाही.

पहिल्या अक्षराच्या जागी सी ऐवजी नुसती आडवी रेघ दिसली, तर डिव्हाइसच्या जागी साधी फाइल आलेली आहे. ती रूटने तयार केलेली असल्यामुळे सहसा इतरांना फक्त वाचण्याची परवानगी राहते, आणि म्हणून रूटची कामे सुरळीत चालतात पण सामान्य वापरकर्त्याच्या प्रत्येक रिडायरेक्टला (आउटपुट वळवण्याला) नकार मिळतो. ‘मला तर काहीच अडचण दिसत नाही’ असे व्यवस्थापक म्हणतो आणि वापरकर्ते मात्र वैतागलेले असतात, तो प्रकार येथून येतो. शिवाय रूटच्या प्रक्रिया त्या फाइलीत लिहीतच राहतात. /डेव्ह ही डिरेक्टरी डेव्हटीएमपीएफएस या मेमरीत राहणाऱ्या फाइल-प्रणालीवर असते आणि अनेक नव्या वितरणांत तिची मर्यादा अवघी ४ एमबी असते, त्यामुळे ती थोड्याच वेळात भरते आणि जागा संपल्याचा संदेश येतो. ‘डीएफ -एच’ पाहताना सगळ्यांचे लक्ष मुख्य डिस्ककडे असते. /डेव्हच्या ओळीत १०० टक्के दिसत असले तरी ते नजरेतून सुटते.

वाचण्याच्या बाजूचा बिघाड याहून फसवा असतो. एखाद्या प्रोग्रामला रिकामे इनपुट द्यायचे म्हणून नल डिव्हाइस जोडले असेल, तर आता त्याला आधी कुणीतरी लिहिलेला मजकूर वाचायला मिळतो. सेटिंगची रिकामी फाइल म्हणून /डेव्ह/नल दिलेल्या प्रोग्रामला त्यातली एखादी ओळ समजत नाही आणि तो असंबद्ध चूक दाखवतो. त्या चुकीचा माग घेत बसण्यापेक्षा ‘डब्ल्यूसी -सी < /डेव्ह/नल’ चालवून पाहावे. उत्तर शून्याखेरीज काहीही आले, तर प्रश्न तेथेच आहे.

दुरुस्ती

केवळ परवानगी बदललेली असेल, म्हणजे सी अक्षर आणि ‘१, ३’ जागेवर असतील, तर ‘चमॉड ६६६ /डेव्ह/नल’ आणि मालक बदलला असल्यास ‘चओन रूट:रूट /डेव्ह/नल’ एवढे पुरते.

साधी फाइल आलेली असेल, तर आधी ती पुसावी आणि मग एमकेनॉडने नोड तयार करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण चालत्या सर्व्हरवर त्यात एक फट राहते. पुसणे आणि तयार करणे यांच्या मधल्या क्षणात रूटच्या एखाद्या प्रक्रियेने ‘> /डेव्ह/नल’ केले, की पुन्हा साधी फाइल जन्माला येते आणि एमकेनॉड ‘फाइल आधीच आहे’ असे म्हणून थांबतो. म्हणून आधी शेजारी नवा नोड करून तो नावावर आणून बसवणे अधिक खात्रीचे :

एमकेनॉड -एम ६६६ /डेव्ह/नल.नवा सी १ ३
एमव्ही -एफ /डेव्ह/नल.नवा /डेव्ह/नल

दोन्ही नावे एकाच फाइल-प्रणालीवर असल्यामुळे एमव्ही येथे केवळ नाव बदलते, आणि ते अदलाबदलीचे काम कर्नल एका दमात करतो. मध्ये रिकामा क्षण उरत नाही. पहिल्या आज्ञेत ‘-एम ६६६’ स्पष्ट देणे आवश्यक आहे, कारण ते नसल्यास रूटचा यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या मर्यादित करणारी सेटिंग) परवानग्या कापतो आणि दुरुस्तीनंतरही ‘परमिशन डिनाइड’ तसेच राहते. जेथे एसई-लिनक्स ही लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा यंत्रणा चालू आहे तेथे शेवटी ‘रिस्टोरकॉन /डेव्ह/नल’ चालवून लेबल पूर्ववत करावे. अन्यथा एलएसच्या ओळीत सर्व काही ठीक दिसूनही काही सेवांना नकार मिळत राहील.

एवढ्याने नव्या प्रक्रियांचा प्रश्न सुटतो. ज्या डीमनांनी (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांनी) आधीच ती साधी फाइल उघडून ठेवली आहे, ते नाव बदलले तरी जुन्या फाइलीतच लिहीत राहतात, आणि ती फाइल दिसेनाशी झाली तरी मेमरी अडवून ठेवते. ‘एलसॉफ +एल१’ ही आज्ञा नाव उरले नाही पण उघड्या आहेत अशा फाइली दाखवते. त्या यादीत /डेव्ह/नल दिसेल त्या सेवा पुन्हा सुरू कराव्यात.

यंत्र रीबूट केले तरी चालते, कारण कर्नल २.६.३२ पासून उपलब्ध असलेले डेव्हटीएमपीएफएस दर वेळी हा नोड नव्याने तयार करते. मात्र दोषी प्रोग्राम तसाच राहिलेला असल्यामुळे हा उपाय पुढच्या वेळेपर्यंतचाच असतो, आणि रीबूटमध्ये त्या साध्या फाइलीतला मजकूर हा एकमेव पुरावा नष्ट होतो. पुसण्यापूर्वी ‘हेड’ लावून त्या फाइलीच्या पहिल्या काही ओळी अवश्य वाचाव्यात; कुणाचे आउटपुट आहे ते पुष्कळदा तेथेच कळते. एलएसच्या ओळीतली वेळही टिपून ठेवावी, परंतु ती शेवटच्या लिखाणाची असते, जन्माची नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

हे करतो कोण?

/डेव्ह डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा फक्त रूटला असते, त्यामुळे दोषी प्रक्रिया रूटच्या अधिकाराने चालणारीच असणार, हे गृहीत धरून शोध सुरू करावा. नोड जागेवर असताना नुसत्या ‘> /डेव्ह/नल’ने कधीच काही बिघडत नाही, शेल तेथे असलेला नोड उघडते आणि त्यात लिहिते, बस. ‘सीपी फाइल /डेव्ह/नल’ हेही निरुपद्रवी आहे. ‘एमव्ही फाइल /डेव्ह/नल’ मात्र घातक आहे : फाइल दुसऱ्या फाइल-प्रणालीवर असल्यामुळे एमव्हीला नुसते नाव बदलता येत नाही, म्हणून ते लक्ष्य पुसते आणि तेथे प्रत उतरवते. नको असलेली फाइल ‘नलमध्ये फेकायची’ या हौसेपायी हा प्रकार घडतो. ‘इन्स्टॉल’ ही आज्ञासुद्धा लक्ष्य आधी पुसते.

याच जातीचे दुसरे कारण म्हणजे सुरक्षितपणे फाइल जतन करणारे प्रोग्राम. ते शेजारी तात्पुरती फाइल लिहितात आणि शेवटी ती मूळ नावावर आणून ठेवतात. नेहमीच्या फाइलींसाठी ही उत्तम पद्धत आहे, पण लॉगचा किंवा निकालाचा पाथ म्हणून अशा प्रोग्रामला /डेव्ह/नल दिला आणि तो रूट म्हणून चालवला, की तो डिव्हाइसच्या जागी आपली फाइल बसवून मोकळा होतो. कंपायलरच्या बाबतीत हे इतके जुने दुखणे आहे की लिनक्स कर्नलच्या बिल्ड नियमांत पर्यायांची चाचणी घेताना आउटपुट तात्पुरत्या फाइलीत टाकले जाते. जुने असेंब्लर आणि लिंकर रूटकडून चालवल्यास /डेव्ह/नल पुसून टाकत असत.

तिसरे कारण सिमलिंकचे, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीचे, आहे आणि माझ्या मते सर्वांत कमी ओळखले जाणारे आहे. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेत एखादी सेवा मास्क केली, म्हणजे सुरूच होऊ नये अशी बंद केली, की /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये त्या सेवेच्या नावाने /डेव्ह/नलकडे जाणारी सिमलिंक तयार होते. पुढे कुणी त्या डिरेक्टरीत शिस्त आणायची म्हणून ‘चमॉड ६४४ *.सर्व्हिस’ चालवतो. आज्ञेत थेट आलेल्या सिमलिंकच्या बाबतीत चमॉड पलीकडच्या फाइलीवर काम करते, त्यामुळे येथे परवानगी बदलते ती /डेव्ह/नलची. शेलचा इतिहास नको म्हणून .बॅश_हिस्टरी ही /डेव्ह/नलची सिमलिंक केली असेल आणि सुरक्षा तपासणीची स्क्रिप्ट त्या फाइलीवर ‘चमॉड ६००’ चालवत असेल, तर परिणाम तोच. डिव्हाइस जागेवर आहे, क्रमांक बरोबर आहेत, फक्त परवानगी बिघडलेली आहे, असे चित्र दिसले तर आधी सिमलिंका शोधाव्यात. मास्क केलेल्या सेवेची नवी युनिट फाइल सीपीने तेथे ‘ठेवली’ आणि ती सापडतच नाही, ही तक्रारही याच कारणाने येते. ती फाइल सिमलिंकमार्गे नल डिव्हाइसमध्ये गेलेली असते. आधी ‘सिस्टमसीटीएल अनमास्क’ करावे, मग फाइल ठेवावी.

इतके करूनही दोषी सापडला नाही, तर ऑडिट यंत्रणा वापरावी लागते. येथे एक पथ्य आहे : /डेव्ह/नलवर लिहिण्याचा सरसकट पहारा बसवू नये, कारण यंत्रावर ते दर क्षणी कुणी ना कुणी लिहिण्यासाठी उघडत असते आणि ऑडिट लॉगच डिस्क भरून टाकतो. ऑडिटसीटीएलच्या नियमात पाथ /डेव्ह/नल देऊन सिस्टिम कॉल फक्त अनलिंक, अनलिंकअॅट, रिनेमच्या कुळातले आणि चमॉड, चओनच्या कुळातले एवढेच घ्यावेत, नियमाला एक की द्यावी, आणि पुढची घटना घडल्यावर ‘एयूसर्च -के’ने ती की शोधावी. प्रक्रियेचे नाव, तिच्या पालक प्रक्रियेचा क्रमांक आणि मूळ लॉगिनची ओळख एकत्र मिळते.

सीएचरूट आणि कंटेनर

रीबूटने दुखणे बरे होते हा नियम येथे लागू नाही. सीएचरूटमधली, म्हणजे एखाद्या फोल्डरलाच मूळ डिरेक्टरी मानून चालणाऱ्या बंदिस्त वातावरणातली, /डेव्ह डिरेक्टरी पुष्कळदा साध्या डिस्कवरची असते आणि तिच्यात नोड कुणी केलेलाच नसतो. अशा ठिकाणी रूटची पहिली स्क्रिप्ट ‘> /डेव्ह/नल’ म्हणते, शेल कोणतीही तक्रार न करता साधी फाइल तयार करते, आणि पुढे ती फाइल इमेजमध्ये बांधली जाऊन सगळीकडे पसरते.

दुसरी अडचण अशी की नोड अगदी बरोबर आहे, सी आहे, ‘१, ३’ आहे, ६६६ आहे, तरीही रूटलासुद्धा ‘परमिशन डिनाइड’ येते. तेव्हा ते पार्टिशन नोडेव्ह या पर्यायाने माउंट केलेले असते. त्या पर्यायामुळे कर्नल तेथील डिव्हाइस नोड उघडूच देत नाही. डेबूटस्ट्रॅप हे डेबियन प्रणाली फोल्डरमध्ये बसवणारे साधन याच कारणासाठी सुरुवातीलाच लक्ष्यात एक चाचणीचा नल नोड करून पाहते आणि जमले नाही तर नोएक्झेक किंवा नोडेव्ह असल्याचे सांगून थांबते. उपाय दोन आहेत : नोडेव्ह काढणे, किंवा सीएचरूटमध्ये त्या नावाची रिकामी फाइल करून तिच्यावर बाहेरचा खरा /डेव्ह/नल ‘माउंट --बाइंड’ने बसवणे. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, कारण त्यात सुरक्षेचा पर्याय शाबूत राहतो. रूट अधिकाराविना चालणाऱ्या कंटेनरमध्ये एमकेनॉडला परवानगीच नसते, त्यामुळे तेथे बाइंड माउंट हाच मार्ग उरतो.

युनिक्सकुळातील इतर प्रणालींवर आकडे वेगळे असतात, हे विसरून लिनक्सची ‘सी १ ३’ आज्ञा तेथे चालवू नये. मॅकओएसवर क्रमांक ३, २ आहेत. सोलारिसवर /डेव्ह/नल ही मुळातच सिमलिंक असते आणि खरा नोड /डिव्हाइसेस/स्यूडो खाली असतो, म्हणून तेथे पहिले अक्षर एल दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ‘एलएस -एलएल’ मध्ये दुसरा एल मोठ्या लिपीत देऊन पलीकडचे पाहावे, तेथे १३, २ दिसतात. फ्रीबीएसडीवर आवृत्ती ५ पासून डेव्हएफएस नोड सांभाळते.

विंडोज : न पुसली जाणारी फाइल

विंडोजवर एनयूएल हे नाव कोणत्याही डिरेक्टरीत नोंदलेले नसते. डॉसच्या काळापासून ते राखीव आहे, आणि पाथमध्ये ते दिसले की प्रणाली त्याचा अर्थ डिव्हाइस असाच लावते, मग तुम्ही कोणत्याही फोल्डरमध्ये असा. सीओएन, पीआरएन, एयूएक्स ही त्याची भावंडे. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज एनयूएल.टीएक्सटी सारखी नावेही टाळायला सांगतात, कारण एक्स्टेन्शन लावूनही ती डिव्हाइसच समजली जात. विंडोज ११ मध्ये हा नियम काही अंशी सैल झाला आहे. नाव प्रत्येक फोल्डरमध्ये ‘असते’ याचा फायदा घेऊन जुन्या बॅच फाइलींत ‘इफ एक्झिस्ट फोल्डर\एनयूएल’ असे लिहून फोल्डर अस्तित्वात आहे का ते पाहत. आजच्या विंडोजवर त्या तपासणीवर विसंबू नये.

मग एनयूएल नावाची खरी फाइल येते कुठून? ती अशा साधनांकडून येते, जी विंडोजच्या नेहमीच्या पाथ-यंत्रणेला वळसा घालतात. गिट बॅश, सिगविन आणि डब्ल्यूएसएल या विंडोजवर युनिक्स-वळणाचे वातावरण देणाऱ्या तिघांच्या दृष्टीने एनयूएल हे इतरांसारखेच एक साधे नाव आहे. सीएमडी या विंडोजच्या शेलसाठी लिहिलेली ‘> एनयूएल’ ही आज्ञा बॅशमध्ये चालली, की त्या फोल्डरमध्ये फाइल तयार होते. एक्सप्लोररमध्ये ती दिसते. पुसायला गेल्यास मात्र विंडोज डिव्हाइस शोधू लागते आणि काम फसते. वनड्राइव्ह अशी नावे स्वीकारत नाही, त्यामुळे सिंक तेथे अडते. ‘गिट अॅड’ केल्यावर ‘शॉर्ट रीड व्हाइल इंडेक्सिंग’ अशी चूक येते, कारण गिटला फाइलीचा आकार काही बाइट दिसतो आणि वाचायला गेल्यावर डिव्हाइस शून्य बाइट देते. हल्ली कोड लिहून देणारी एआय साधने विंडोजवर बॅशमधून सीएमडीच्या वळणाच्या आज्ञा चालवतात, त्यामुळे ही तक्रार पुन्हा वाढली आहे.

पुसण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती ज्या साधनाने झाली त्याच साधनाने पुसणे : गिट बॅशमध्ये ‘आरएम एनयूएल’, किंवा डब्ल्यूएसएलमध्ये /एमएनटी/सी खालच्या त्या फोल्डरमध्ये जाऊन तीच आज्ञा. हे हाताशी नसेल, तर सीएमडीमध्ये पूर्ण पाथाच्या आधी \\?\ हे चिन्ह लावावे, जसे ‘डेल \\?\सी:\प्रकल्प\एनयूएल’. त्या चिन्हामुळे विंडोज नावाचा अर्थ लावत बसत नाही आणि पाथ जसाच्या तसा फाइल-प्रणालीकडे देते.

या फाइलीचा दुसरा उगम एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज साधनाच्या स्क्रिप्टमध्ये आहे आणि तो दोन्ही बाजूंना चावतो. एनपीएम आपल्या स्क्रिप्ट विंडोजवर सीएमडीमधून आणि इतरत्र एसएचमधून चालवते. विंडोजवरच्या सहकाऱ्याने पॅकेज फाइलीत ‘२>एनयूएल’ लिहिले, की मॅक किंवा लिनक्सवरच्या सहकाऱ्याच्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल होते. त्याने ती न पाहता कमिट केली, की विंडोजवर ‘इनव्हॅलिड पाथ’ म्हणून चेकआउटच अडते. उलट ‘२>/डेव्ह/नल’ लिहिले, तर सीएमडी ‘द सिस्टिम कॅनॉट फाइंड द पाथ स्पेसिफाइड’ म्हणते, आणि ज्याच्या यंत्रावर योगायोगाने सी:\डेव्ह नावाचा फोल्डर आहे (कोड लिहिणाऱ्या पुष्कळांकडे तो असतो), त्याच्याकडे चूक न येता त्या फोल्डरमध्ये दोन एलवाली साधी फाइल वाढत राहते. ‘माझ्याकडे तर चालते’ याचा खुलासा अशा वेळी सी ड्राइव्हच्या मुळाशी पाहिल्यावर होतो. अशा स्क्रिप्टमधून रिडायरेक्ट काढून टाकावे आणि त्या साधनाचाच आवाज बंद करणारा पर्याय वापरावा, हे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. रिडायरेक्ट हवेच असेल, तर ते काम छोट्या नोड.जेएस स्क्रिप्टकडे द्यावे.

पॉवरशेलमध्ये या दोन्ही नावांचा उपयोग नाही. तेथे ‘> /डेव्ह/नल’ विंडोजवर सी:\डेव्ह\नल शोधते, आणि जुन्या ५.१ आवृत्तीत ‘> एनयूएल’ केल्यास फाइल नसलेले डिव्हाइस उघडायला सांगितल्याची चूक येते. तेथे ‘> $नल’ किंवा सर्व प्रवाहांसाठी ‘*> $नल’ लिहावे. गिट बॅशमध्ये मात्र /डेव्ह/नल निर्धास्तपणे वापरता येते. विंडोजच्या मूळ प्रोग्रामला तो पाथ दिला, तर गिट बॅशच्या मुळाशी असलेले एमसिस त्याचे एनयूएलमध्ये रूपांतर करून देते. गिटच्या डिफमध्ये नव्या फाइलीसमोर दिसणारे /डेव्ह/नल हे सर्व प्रणालींवर सारखेच असते, पण ती केवळ लिहिण्याची रीत आहे. त्याचा डिव्हाइसशी संबंध नाही.

डिव्हाइस ठीक आहे, तरी आउटपुट येते

क्रॉनचे ईमेल थांबत नाहीत म्हणून आलेल्या तक्रारींत नल डिव्हाइस बहुधा निर्दोष असते. ‘२>&१ > /डेव्ह/नल’ असा उलटा क्रम लिहिला, तर चुकांचा प्रवाह आधी जुन्या आउटपुटला जोडला जातो आणि नंतर फक्त आउटपुट नलकडे वळते; चुका येतच राहतात. बरोबर क्रम ‘> /डेव्ह/नल २>&१’ असा आहे. दुसरी चूक ‘&> /डेव्ह/नल’ या लघुरूपाची. ते बॅशचे आहे. क्रॉन सहसा /बिन/एसएच वापरते, आणि डेबियन व उबुंटूवर ते डॅश हे छोटे शेल असते. डॅश त्याच ओळीचे दोन तुकडे करते : आज्ञा पार्श्वभूमीत सोडायची, आणि मग रिकाम्या आज्ञेचे आउटपुट नलकडे वळवायचे. म्हणजे आउटपुट तर थांबत नाहीच, शिवाय आधीचे काम पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढची ओळ सुरू होते.

याच्या उलट तक्रार वेगमापनाची असते : बॅकअपचा वेग मोजताना ‘टार’चे आउटपुट /डेव्ह/नलला दिले आणि शेकडो जीबी काही क्षणांत ‘वाचून’ झाले. ग्नू टार आउटपुट नल डिव्हाइस असल्याचे ओळखते आणि फाइलींचा मजकूर वाचतच नाही. आउटपुट शेलने वळवले तरी ते ओळखले जाते. मध्ये ‘| कॅट > /डेव्ह/नल’ घातल्यावर खरा आकडा मिळतो. ग्नू ग्रेपही तसेच वागते. आउटपुट नलकडे आहे असे दिसले की पहिल्या जुळणीलाच थांबते, त्यामुळे दोन शोधांच्या वेगाची अशी तुलना निरर्थक ठरते.

स्वतःच्या प्रोग्राममध्ये

प्रोग्राममध्ये पाथ हाताने लिहू नये. पायथनमध्ये ओएस.डेव्हनल, नोड.जेएसमध्ये ओएस.डेव्हनल आणि गो भाषेत ओएस.डेव्हनल हे स्थिरांक प्रणालीनुसार योग्य नाव देतात (फक्त मोठ्या-लहान अक्षरांचा फरक आहे). दुसरी प्रक्रिया सुरू करताना तर नावाचीही गरज नसते : पायथन ३.३ पासून सबप्रोसेस.डेव्हनल आहे आणि जावा ९ पासून रिडायरेक्ट.डिसकार्ड आहे. आउटपुट नको म्हणून त्याऐवजी पाइप जोडून तो न वाचणे ही चूक फार आढळते. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणतः ६४ केबी असते, ती भरली की चाइल्ड प्रक्रिया लिहिण्याच्या जागी अडकून बसते, आणि थोड्या आउटपुटवर घेतलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

प्रवाह नलकडे वळवण्याऐवजी सरळ बंद करून टाकणे हा त्याहून धोक्याचा प्रकार आहे. युनिक्समध्ये नवी फाइल उघडली की सर्वांत लहान मोकळा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक; ० इनपुटचा, १ आउटपुटचा, २ चुकांचा) मिळतो. डीमनने १ आणि २ बंद केलेले असतील, तर पुढे उघडलेली डेटा फाइल किंवा सॉकेट त्या जागी येते, आणि एखाद्या लायब्ररीने चूक कळवणारा संदेश छापला की तो थेट त्या डेटामध्ये लिहिला जातो. म्हणून ०, १ आणि २ हे तिन्ही नल डिव्हाइसला जोडून ठेवण्याची पद्धत आहे. सेटयूआयडी प्रोग्राम (चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा) सुरू होताना हे तीन डिस्क्रिप्टर बंद आढळले, तर ग्लिबसी ही लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी स्वतः रिकाम्या जागी डिव्हाइस उघडते. उघडल्यावर ते कॅरेक्टर डिव्हाइस आहे का आणि त्याचे मेजर-मायनर क्रमांक बरोबर आहेत का हेही तपासते, आणि जुळले नाही तर कोणताही संदेश न देता प्रोग्राम तेथेच पाडते, कारण संदेश लिहायलासुद्धा भरवशाची जागा उरलेली नसते. एखादा सेटयूआयडी प्रोग्राम टर्मिनलवर नीट चालतो, पण प्रवाह बंद ठेवणाऱ्या डीमनकडून चालवल्यास अवाक्षर न काढता पडतो, असे आढळल्यास ‘एलएस -एल /डेव्ह/नल’ने सुरुवात करावी.